उद्देशिकेवर ओतलेलं पाणी

"खालीच ठेव. पायरीवर."

मी ठेवलं. काकूंनी आतून तांब्या आणला आणि माझ्यासमोर त्या स्मृतिचिन्हावर पाणी ओतलं. मग पुसून उचललं.

क्रिस्टलचा विटेएवढा ठोकळा. आत संविधानाची उद्देशिका कोरलेली. खाली दिव्याची बैठक. बटण दाबलं की अक्षरं उजळायची. संविधान दिनाला कॉलेजने पाहुण्यांना असे ठोकळे दिले. संस्थेचे अध्यक्ष आले नव्हते. त्यांचा ठोकळा घरी पोचवायचं काम मला मिळालं, कारण कार्यक्रमात उद्देशिका मीच वाचली होती. सर म्हणाले, "तुझा मान आहे." मला खरंच तसं वाटलं. धक्का लागू नये म्हणून बसमध्ये तो डबा मी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

दारात अध्यक्षांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, आधी हसून विचारलं होतं, "कोनाची पोरगी वं तू?" मी बाबांचं नाव सांगितलं. "आडनाव?" तेही सांगितलं.

मग पायरी. मग तांब्या.

पाणी बैठकीत शिरलं. काकूंनी बटण दाबलं. उजेड आलाच नाही.

"बिघडलेलंच आनलं काय वं? का बसमंदी पाडलंस?"

"येते, काकू," एवढंच म्हणून मी पायरी उतरले. त्याची अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सरांनी कोरा कागद पुढे केला. "माझ्या निष्काळजीपणामुळे बिघडलं, माफ करा, एवढंच लिही. तुझ्या होस्टेलच्या शिफारशीवर अध्यक्षांची सही लागते."

"सर, पाणी त्यांनी टाकलं."

"मले माहीत आहे," सर हळूच म्हणाले. "ते नाही विचारलं मी तुले."

कोंढ्याला घरी आले. आई धानाच्या कापणीवरून नुकतीच परतली होती. तिला सगळं सांगितलं.

"लिहून दे बाई. मले तं बांधावर अजून वरतूनच पानी देतेत. ओंजळ धरतो, पेतो. का मेलो मी?"

बोलता बोलता तिने ओंजळ करून दाखवली. तळव्यांत विळ्याचे घट्टे होते. मी ती ओंजळ बघत राहिले. आमच्या घरातून नागपूरच्या होस्टेलला जाणारी मी पहिलीच ठरणार होते.

रात्री नाही, सकाळी लिहिलं. शांतपणे. कोणी काय विचारलं, तांब्या कुठून आणला, पाणी कशावर ओतलं. 'माफ करा' कुठेच नाही. एरवी मी आडनावाचं पहिलं अक्षर तेवढं लिहायचे. या वेळी पूर्ण लिहिलं.

सरांनी कागद वाचला, उलटा ठेवला. "होस्टेल गेलं समज."

"पोच द्या, सर. शिक्क्यासह."

त्यांनी दिली नाही. मी कागदाची दुसरी प्रत केली. रोज पहिल्या तासाआधी ती घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभी राहते. शिफारस मागत नाही. पोच मागते.

उद्याही मागणार.