जोडगोळीचा तपास

निवृत्त होऊन घरी बसलो, तरी पावस गावाच्या बाजूची ती घटना मनातून गेलेली नाही. त्या सकाळी पोलीस ठाण्यात हजेरी चालू असताना फोन आला. "साहेब, माझी वयनी बेशुद्ध पडली. सुनेनं चहातनं काय तरी दिलंन तिला. काल दोघींचं भांडण अख्ख्या वाडीनं ऐकलंय."

ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली. तोवर दवाखान्यातूनही वर्दी आली. महिला हवालदार बरोबर घेऊन मी निघालो.

घरी सून एकटीच. नवरा बोटीवर नोकरीला. पडवीत वाडी जमलेली आणि फोन करणारे, सासूबाईंचे दीर, सगळ्यांत पुढे. मी आधी सर्वांना अंगणाबाहेर काढलं. जमाव समोर असला की माणूस जमावाला उत्तरं देतो, पोलिसाला नाही.

पंचांसमक्ष चहाचा कप आणि औषधांची पिशवी ताब्यात घेतली. मग सुनेला विचारलं, "सकाळी सासूबाईंना काय दिलंस?"

"गोळ्या. मीच दिल्या."

हवालदारबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बाहेरून दीर ओरडले, "ऐकलंत? स्वतःच्या तोंडानं बोलली!"

"कसल्या गोळ्या?" मी विचारलं.

"साखरेच्या. जुन्या दोन, नि काल डॉक्टरांनी दिलेली जोडीची."

"जोडीची म्हणजे?"

"जुन्यांच्या जोडीला घ्यायची. आई बोलल्या तसं."

"आणि भांडण कशावरून?"

तिचा बांध तिथे फुटला. "आज संकष्टी. काल मी बोलले, आई, गोळ्या घेता तर उपास नको. त्यावरनं."

दवाखान्यात सलाईनमधून ग्लुकोज दिल्यावर दुपारपर्यंत म्हातारी शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, "जुन्या दोन्ही गोळ्यांतली औषधं नव्या एकाच गोळीत आहेत. जुन्या बंद करायच्या होत्या. मी सांगितलं, आता जोडगोळी घ्या. त्यांनी मान हलवली."

"जोडगोळी बोललात ना? मग जोडीलाच घेतली!" म्हातारी खाटेवरून कडाडली.

औषध दुप्पट आणि पोट रिकामं. साखर एकदम खाली गेली होती.

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि त्याचा मला अभिमान आहे. त्यामुळे घरच्यांबरोबर दवाखान्यात मीच जायचो. डॉक्टरांपुढे मान हलवली म्हणजे समजलं असं नाही, नुसता मान दिला, हे मी तिथेच शिकलो.

सून चौकशीत अडकली आहे हे कळताच म्हातारीने दिराला समोर बोलावलं. "भावोजी, वाडीसमोर माझ्या सुनेला मारेकरी केलात? आता वाडीसमोरच सांगा, ती तशी नाय."

"सांगतो वयनी. आधी तुम्ही बऱ्या व्हा."

"आत्ता जावा. मी काय इथनं पळत नाय."

ते गेले. पडवीत उभे राहून, खाली मान घालून त्यांनी सांगितलं. सून पेजेचा डबा घेऊन दवाखान्याकडे निघाली. गुन्हा घडलेला नाही, असा अहवाल मी पाठवला. पुढे त्या एका गोळीवर, वेळेवर जेवून, म्हातारीची साखर आवाक्यात राहिली.

नव्या अधिकाऱ्यांना मी हेच सांगत आलो. विष घालणारा माणूस "मीच दिलं" असं पहिल्याच प्रश्नाला सहसा सांगत नाही. जो सांगतो, त्याचा जबाब पहिल्या वाक्यावर थांबवू नका. पुढचं वाक्य ऐका.