रोपाची आतली जुळवाजुळव

माझी धाकटी बहीण मीरा वनस्पतींवर संशोधन करते. सुट्टीत प्रयोगशाळेतला एसी बंद पडला आणि तिच्या भाताच्या रोपांनी माना टाकल्या.

"आता फेकूनच दे," मी म्हटलं.

"थांब ताई. प्रथिन कसं बनवायचं, याचा संदेश जनुकाकडून येतो; पेशी त्या संदेशातले काही तुकडे काढून उरलेले जोडते. उष्णता वाढली की तोच संदेश वेगळा जोडला जातो. मग काही प्रथिनं बदलतात, काही बनतच नाहीत. रोप वाढ आवरून जीव सांभाळतं."

नवरा गेल्यावर मीही कित्येक महिने अशीच निपचित होते. ही संपली, असं लोकांना वाटलं. आत काय चाललंय, ते कुणाला दिसतं?

काही दिवसांनी एका रोपातून कोवळं टोक वर आलं.

"आणि बाकीची?" मी विचारलं.

"बघू या," म्हणत मीराने पाण्याची झारी माझ्या हातात दिली.