रक्त न दाखवणारी मालिका

बाबांवर कुऱ्हाड चालली तेव्हा आई चाळीसेक पावलांवर कापूस वेचत होती. तिनं सगळं पाहिलं. ऐकू मात्र काहीच आलं नाही, कारण वारा उलटा होता.

आमचं शेत बोरी अरब गावाच्या बाहेर, बाबांच्या चुलतभावाच्या शेताला लागून. त्यांना मी काका म्हणते. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन्ही घरांची जुनी कुरबूर होती. वखरताना कुणी वीतभर पुढे सरकलं की शिवीगाळ व्हायची आणि आठवड्याभरात विझायची. त्या दिवशी काका धुऱ्यावरची बाभूळ तोडत होते. बाबा तरातरा तिकडे गेले. आईला दोघांचे हातवारे दिसले. मग बाबा काहीतरी बोलले, पाठ फिरवून तीन-चार पावलं चालले, आणि काका मागून धावले.

पहिला घाव खांद्यात रुतला. दुसरा मानेवर यायचा, पण बाबा वळले म्हणून जबड्यावर बसला. तिसऱ्यासाठी कुऱ्हाड उचलली तेव्हा आई पोचली होती. ती दांड्याला लोंबकळली, काकांच्या मनगटाला कडकडून चावली. कुऱ्हाड सुटली. काका पळाले नाहीत, तिथंच मातीत बसले. आईनं कमरेच्या ओटीतला कापूस मुठीमुठीनं बाबांच्या खांद्यात कोंबला. तो लाल झाला की उपसून टाकायची आणि दुसरा कोंबायची. ओटी रिकामी होईपर्यंत ती हेच करत होती. मग रस्त्यावरचे लोक धावून आले.

बाबा वाचले. यवतमाळच्या दवाखान्यातून महिन्याभरानं घरी आले ते वाकडा जबडा आणि लोंबता उजवा हात घेऊन. काकांना अटक होऊन ते तुरुंगात गेले. काकू आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहिल्या. त्यांची एकुलती एक मुलगी दोन वर्षांपूर्वी शेतातल्या विहिरीत सापडली होती. तिनं उडी का घेतली, हे गावात कुणाला कळलं नव्हतं, की कळूनही कुणी बोलत नव्हतं, मला सांगता येणार नाही.

मी दारव्ह्याच्या एका शाळेत शिकवते. लग्न मोडून माहेरी आले त्याला बरीच वर्षं झाली, तेव्हापासून आई-बाबांजवळच आहे. कुऱ्हाडीच्या आधीच्या आमच्या संध्याकाळी म्हणजे आई आणि टीव्हीवरच्या खुनाच्या मालिका. भाकरी थापता थापता ती खुनी सांगून टाकायची. "तो दीरच खुनी, पाह्य. जास्तच रडून राह्यला." बहुतेक वेळा तोच निघायचा, आणि मग तिचा चेहरा असा फुलायचा की जणू पोलिसांनी तिलाच विचारून त्याला पकडलं.

बाबा घरी आल्यावर मी सवयीनं टीव्ही लावला. पडद्यावर एकानं चाकू उपसला. आई हातातलं ताट टाकून मोरीकडे पळाली आणि ओकली. त्यानंतर पाच महिने टीव्हीवर चादर होती.

उन्हाळा लागला तेव्हा एक दिवस तीच म्हणाली, "बाई, मले पाहावं वाटते. पन रक्त नोको. असं काई भेटते का?"

"खुनी ओळखाचा आहे ना तुले?" मी विचारलं.

"मारनारा कोन ते तं मी डोयानं पाह्यलं. आता मले काहून मारलं ते पायजे."

शाळेतून आले की मी मोबाइलवर शोधू लागले. वाटलं होतं तितकं ते सोपं नव्हतं. रहस्य म्हटलं की पहिल्या पाच मिनिटांत प्रेत, आणि प्रेत म्हटलं की ते जवळून दाखवायचंच. गळे चिरलेले, पोती उघडलेली, बायका ओरडताहेत. मी आधी एकटीनं पाहायची आणि वहीत मिनिटं टिपायची, म्हणजे तेवढा भाग पुढे ढकलता येईल. महिन्याभरात वही भरली आणि मालिका एकही हाती लागली नाही. मलाच रस्त्यानं चालताना लोकांच्या माना दिसू लागल्या.

त्यात एकदा मी चुकले. एका मालिकेखाली लिहिलं होतं की ही घरात सगळ्यांनी बसून बघावी अशी हलकीफुलकी आहे. मी ती न तपासताच लावली. तिसऱ्या मिनिटाला कचऱ्याच्या डब्यातून तुटलेला हात बाहेर आला. आई उठली. मला वाटलं मोरीकडे जाईल. ती स्वयंपाकघरात गेली, खलातला लोखंडी बत्ता घेऊन आली आणि टीव्हीवर घातला. काच तडकली तरी थांबली नाही. घाव घालताना तिच्या तोंडून जो आवाज येत होता तो मी तोवर कधी ऐकला नव्हता. बाबा खाटेवरून नुसते पाहत होते. मी तिला मागून कवेत घट्ट धरलं आणि बत्ता तिच्या हातातून काढून घेतला.

"मारत होता तो," ती म्हणाली. "यायले मारत होता, अन् मी कापूस वेचून राह्यली होती."

तिला पोचायला उशीर झाला, हे तिच्या मनात होतं. इतक्या महिन्यांत मला ते उमगलं नव्हतं.

दारव्ह्याहून मी दुसऱ्याचा वापरलेला टीव्ही आणला. शाळेतल्या एका बाईंनी एक मालिका सुचवली होती. कुठल्यातरी थंड देशातली, हिंदीत उतरवलेली. मी तिचे सहा भाग आधी एकटीनं पाहिले. त्यात प्रेतावर पांढरी चादर असायची, बस्स. निवृत्तीला आलेला एक लंगडा पोलीस अधिकारी घरोघर जायचा, चहा प्यायचा, लोकांना बोलू द्यायचा. मेलेला माणूस कसा होता, कुणाशी कसा वागायचा, हेच तो विचारत राहायचा. खुनी सापडल्यावर त्याला आनंद व्हायचा नाही.

आईला तो पहिल्याच दिवशी आवडला. रविवारी दुपारी आम्ही दोघी बसायचो. हळूहळू बाबाही खाट वळवून घेऊ लागले. पाहता पाहता आईचं अंदाज बांधणं परत सुरू झालं, फक्त आता ती नाव सांगत नव्हती. "या बाईच्या मनात काई सलून राह्यलं," असं म्हणायची.

चौथ्या की पाचव्या रविवारी एक भाग लागला. एका बाईच्या नवऱ्याला त्याच्याच भावानं ढकलून मारलेलं. तो अधिकारी विधवेला विचारतो, ढकलायच्या आधी तुमचे यजमान शेवटचं काय बोलले होते? तिनं तोंड उघडायच्या आतच आईनं रिमोट उचलून चित्र थांबवलं आणि बाबांकडे वळली.

"तुमी काय म्हनलं होतं त्याले?"

बाबा पडद्याकडेच पाहत राहिले.

"पोलिसायले सांगतलं धुऱ्यावरून भांडन झालं. मी पाह्यलं ना. भांडन सरलं होतं. तो बाभूळ तोडाले वाकला होता. तुमी जाता जाता काय म्हनलं?"

मग बाबा त्यांच्या वाकड्या जबड्यातून म्हणाले, "म्हनलं, पोरगी सांभायता आली नाही तुले, धुरा काय सांभायशील."

आई जागची उठली आणि तिनं बाबांच्या थोबाडीत मारली. त्याच गालावर, जिथं टाक्यांचे वण होते. बाबांनी डावा हात वर केला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलंही नाही. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले, पण कुणाला धरावं ते मला कळेना.

"ते लेकरू माह्या मांडीवर मोठं झालं," आई म्हणाली, आणि बाहेर जाऊन अंगणात बसली.

केस उभी राहिली तेव्हा सरकारी वकिलांनी आम्हाला बजावलं, विचारलं तेवढंच सांगा. आईनं पाहिलेलं सगळं सांगितलं, एकही घाव कमी केला नाही. काकांच्या वकिलानं विचारलं, त्याआधी तुमचे यजमान काय बोलले? "मले ऐकू आलं नाही" एवढं पुरलं असतं, आणि ते खरंही होतं. ती म्हणाली, "तवा ऐकू नाही आलं. मंग यायनं घरी सांगतलं. यायलेच विचारा."

मग बाबांना, त्यांची साक्ष आधीच झाली होती तरी, पुन्हा उभं केलं. त्यांचं बोलणं नीट कळत नाही, म्हणून लिहून घेणाऱ्यानं ते वाक्य तीनदा म्हणायला लावलं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिसऱ्या वेळी बाबांनी ते वाक्य एकेक शब्द तोडून म्हटलं. काकांनी चेहरा दोन्ही हातांत लपवला. काकू हलल्या नाहीत.

काकांना शिक्षा झाली, पण त्या वाक्यामुळे सरकारी वकिलांना वाटत होती त्यापेक्षा कमी. वकील आमच्यावर चिडले. बाबा चिडले नाहीत. आई पुढचे कितीतरी दिवस बाबांना जेवण वाढायची, अंघोळ घालायची, हाताला तेल चोळायची, पण बोलायची नाही. मग एक दिवस त्यांना शर्ट घालताना म्हणाली, "हात सैल सोडा," आणि बोलणं सुरू झालं.

काकू नेरला, माहेरी निघाल्या तेव्हा आई त्यांची एक पिशवी उचलून बसथांब्यापर्यंत गेली. मी मागे होते. बस आली. काकूंनी आईच्या हातातून पिशवी घेतली, पायरीवर एक पाय ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊबाई, तुमी खरं बोलल्या, ते मी इसरनार नाही. पन तुमच्या घरात मी पाय नाही ठेवनार."

"नोको ठेवू," आई म्हणाली. "तब्येतीले जप."

बस निघून गेली. आई बाजाराकडे वळली आणि बाबांना चावताना त्रास होणार नाही अशी कोवळी वांगी निवडायला बसली.