धार येईपर्यंत

खडकवासल्याच्या पाण्यात माझा मित्र बुडाला, त्या दिवशी मला तो म्हातारा भेटला. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीतले आम्ही चौघं सुट्टी म्हणून फिरायला गेलो होतो. पाण्यात उतरू या, असं मीच म्हणालो होतो.

शोधायला आणलेली होडी त्या म्हाताऱ्याची होती; मीही तिच्यात बसलो होतो. तिची जुनी मोटर सारखी तापायची. तिसऱ्यांदा तापली तेव्हा त्याने होडी काठाला लावली आणि मोटरच्या झाकणावर पालथा हात टेकवून झटकन मागे घेतला.

"गार करायचं पाणीच वर चढंना," तो म्हणाला.

मोटर जिथून पाणी ओढते त्या जाळीत अडकलेलं शेवाळ त्याने बोटांनी काढलं. तरी मागच्या भोकातून पाण्याची धार येईना. मग त्याने खालचा भाग खोलला. पाणी वर चढवणाऱ्या आतल्या रबरी पंख्याची पाती तुटली होती. तो सावकाश नवा पंखा बसवू लागला.

"अहो, लवकर करा ना!" मी ओरडलो.

त्याने मान वर केली नाही. "आता उशीर व्हायचं काय ऱ्हायलं नाय, सायेब. बसा."

मला त्याचा भयंकर राग आला. पण मोटर सुरू होऊन धार पडू लागली, तेव्हा ती पुन्हा बंद पडावी असं मला वाटलं.

ती बंद पडली नाही. तासाभरात मित्र सापडला. म्हाताऱ्याने अंगातला सदरा काढून त्याच्या तोंडावर घातला. परतताना काठावर मित्राचे आईवडील उभे दिसले. म्हाताऱ्याने मोटर बंद केली आणि वल्हं हातात घेतलं.