टोप्या खाली ओढलेले शिपाई

मंडळी, रविवार असून आज पार दमलोय.

पटावरच्या लढाईच्या खेळासाठी मी बोटाच्या पेराएवढे शिपाई हाताने रंगवतो. आज दुपारी नवी तुकडी संपवली. वाऱ्यानं ब्रशवरच रंग वाळतो म्हणून पंखा बंद, आणि आपल्या सोलापूरचं ऊन काय सांगायचं!

जुन्या तुकडीशेजारी नवी मांडली. बायको पदरानं घाम पुसत आली आणि बघतच राहिली. "अहो, जुने शिपाई समोर बघतायत की. ह्या नव्यांच्या टोप्या नाकापर्यंत का आल्यात? दमलेत व्हय?"

"लढाई करून आलेत," मी ठोकून दिलं.

तिनं आतून सुई-दोरा आणून माझ्यापुढं धरला. "ओवा बघू."

नाही जमलं. खरं सांगतो, शिपायाच्या डोळ्याचा ठिपका काढताना ब्रशचं टोक मला हल्ली दिसतच नाही. म्हणून टोपीची कड खाली आणत गेलो.

तिनं सुई परत घेतली, उजेडाकडं धरली. तिलाही ओवता आली नाही.

मग पंखा लावला आणि दोघं त्याच्याखाली बसलो.

तुमच्या घरी सुई कोण ओवतं?