आलं, आलं, पण काय आलं?

मंगळवारी दुपारी विमलताईंचा फोन आला, तेव्हा ममता आडेने चहाचा कप न पिताच बाजूला ठेवला. विमलताई झरी जामणी तालुक्यातल्या बोरपोडच्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका.

"बाई, आजबी गाडी नाही आली. तिसरा मंगळवार हाय हा. लोकायच्या बीपीच्या गोळ्या सरल्या. गाडी येऊन नाही राह्यली, तं मेसेज कायले पाठवता?"

ममता पांढरकवड्यात एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळायची. कोणत्या दिवशी कोणत्या गावी जायचं हे सर्व्हर ठरवायचा आणि आशाताईंना, ड्रायव्हरला कळवायचा. वडील तांड्यावर तुरीची शेती करायचे. लेक काय काम करते असं कुणी विचारलं, तर ते सांगायचे, "दवाखान्याची गाडी चालवते, पण घरी बसून." आज ममताला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

तिने सर्व्हरची लॉग फाइल उघडली. प्रोग्राम कुठवर पोचला ते कळावं म्हणून प्रोग्रामर मधे मधे कन्सोल लॉगच्या ओळी टाकून ठेवतात आणि चालताना सर्व्हर त्या छापत जातो. इथे हजारो ओळी छापलेल्या होत्या. 'आलं.' 'इथं आलं.' 'आलं ५.' 'आलं का?' ना वेळ, ना गावाचं नाव. एका ठिकाणी मार्गाची माहिती होती, पण गावाच्या जागी नुसतं 'ऑब्जेक्ट' एवढंच. माहिती फार आत दडलेली असली की कन्सोल ती उलगडून दाखवत नाही, कंसात एक शब्द टाकून मोकळा होतो.

आधीचा प्रोग्रामर रजत आता पुण्यात होता. तिने त्याला फोन लावला.

"रजत, 'आलं ५' म्हणजे काय आलं रे?"

"मले आता काय आठवते? तवा घाई होती ना."

"मंग काढून नाही टाकता येत?"

"काढतो काढतो म्हणत राहून गेलं."

तिने फोन ठेवला आणि तणतणत एकेक ओळ उडवायला घेतली. सव्वाशे ओळी झाल्यावर एक भेटली, 'इथं पण आलं बाई'. ही तिचीच होती, दोन वर्षांपूर्वीची. ममताने तीही पुसली.

मग तिने नव्या ओळी लिहिल्या. प्रत्येकीत वेळ, गाडीचा नंबर, गाव आणि तालुका. चूक झाली तर ती वेगळ्या फाइलीत. पुढच्या मंगळवारचा मार्ग तिने लगेच चाचणीसाठी चालवून पाहिला. ओळ आली: बोरपोड, तालुका केळापूर.

बोरपोडं दोन होती! केळापूरचं तीन आठवड्यांपूर्वीच यादीत वर जोडलं गेलं होतं. प्रोग्राम नावावरून शोधायचा आणि पहिलं सापडेल ते ड्रायव्हरला पाठवायचा.

तिने ड्रायव्हर धावजीकाकांना फोन केला. "काका, तुम्ही केळापूरच्या बोरपोडला जाता का मंगळवारी?"

"जातो ना. तिथं शुक्रवारीबी जातो. लोकं म्हणतात, दोनदा येता, लय चांगलं झालं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कोणाले सांगू? मोबाइलवर आलं तसं गेलो. मले वाटलं, तुमी शिकलेसवरले, काई विचार करून पाठवत असान."

ममताने कपाळावर हात मारून घेतला. त्याच दिवशी तिने सगळ्या गावांना वेगळे क्रमांक दिले आणि संस्थेच्या साहेबांच्या मागे लागून बुधवारीच गाडी झरीकडे काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉगमध्ये ओळ उमटली: बारा वाजून दहा मिनिटं, बोरपोड, तालुका झरी जामणी, गाडी पोचली. तरी तिने विमलताईंना फोन केला.

"आली बाप्पा," विमलताई म्हणाल्या. "बावीस जणायले तपासून राह्यले. पण तीन मंगळवार कायले लागले तुमाले?"

ममताकडे सांगायला पुष्कळ होतं. ती एवढंच म्हणाली, "चुकलं आमचं, ताई."

"बरं. सुमनबुढीच्या गोळ्या कमी पडल्या, ते लिहून घ्या."

ममताने लिहून घेतलं, तालुक्यासकट.