घोळका पुढे गेला

आमच्या लोणी गावातलं कुणीही पुण्याच्या मोठ्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात निघालं की तिथला एक मेंढरंवाला सोबत यायचा. अक्षरओळख नव्हती, पण वॉर्ड पाठ होते. आत शिरताना चपला हातात घ्यायचा.

माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या खाटेपाशी शिकाऊ डॉक्टरांचा घोळका रोज थांबायचा. एका सकाळी घोळका न थांबताच पुढे गेला. मेंढरंवाला मला म्हणाला,

"भाऊ, गाडी बगतो. शिकवायसारखं कायी उरलं नाय, म्हून पोरं थांबली न्हाईत. आण्णांना घरी नेऊ."

आण्णांनीही घरचाच धोसरा लावला होता. पण मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. म्हणालो, "केसपेपर मी वाचलाय. तुम्ही मेंढरं बघा."

तो आण्णांच्या पायथ्याशी जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी आण्णा त्याच खाटेवर वारले. परतताना गाडीत त्यानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. लोणीच्या अलीकडचं पाबळ सोडल्यावर कानाशी वाकून म्हणाला, "आलंच आता घर, आण्णा."